वाचनालयातल्या जुन्या मशीनवर डेबियन टाकायचं आहे, आणि अध्यक्ष विचारतात, ‘आपण त्यांना काय देणार?’

वाचनालयवाला

नमस्कार मंडळी.

तालुक्याच्या गावातलं आमचं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. ग्रंथपाल मीच, लिपिक मीच, लाईट गेली की वायरमनही मीच. मशीन सहा आहेत. चार अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी, एक देवघेवीच्या टेबलावर, एक ऑफिसात. सगळी तिसऱ्या-चौथ्या पिढीची आय-३, ४ जीबी रॅमची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट संपले आणि विंडोज ११ ही मशीन घेत नाहीत, प्रोसेसर जुना आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पण नाही. दुकानदार म्हणतो भंगारात काढा. मशीन उत्तम चालू आहेत हो, काढू कशी?

माझ्या भाच्यानं पेनड्राईव्हवरून डेबियन, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली, लावून दाखवलं, वाय-फाय चालला, यूट्यूब चाललं. मन झालंय. पण अडचणी अशा:

आमच्या सहायक ताई रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाईपरायटरच्या कळफलकावर, टायपिंगची परीक्षा पास आहेत. ‘इनस्क्रिप्ट वगैरे नवा कळफलक या वयात शिकणार नाही’ असं त्यांनी आधीच बजावलंय. प्रिंटर एचपी १०२० आहे, देणगीत आलेला. अकरा हजारांवर पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे, पण टाईप केलीय श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टात.

आणि आमचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक, हिशेबाला पक्के. त्यांना सांगितलं की हे सगळं मोफत आहे, तर म्हणाले, ‘संस्थेनं कुणाचं फुकट घेतलेलं नाही आजवर. आपण त्यांना काय देणार ते आधी सांगा, मग ठराव मांडतो.’ आता यांना काय सांगू? मला प्रोग्रामिंग शून्य येतं.

कीबोर्डबहाद्दर

एवढा खटाटोप कशाला राव? कुठल्याही दुकानात दोन-तीनशे रुपयांत ११ मारून देतात, चेकिंग बायपास करून. आमच्या ऑफिसात तेच चालू आहे. लिनक्स टाकलं की पोरं येऊन विचारणार ‘सर, ते कुठंय, हे कुठंय’, आणि मग तुम्ही दिवसभर तेच करत बसणार.

खिळेजुळारी

बहाद्दर, सार्वजनिक संस्थेत चोरीचा माल बसवायचा सल्ला देऊ नका. लेखापरीक्षणात लायसनचं बिल मागितलं तर तुम्ही येणार आहात का उत्तर द्यायला?

ग्रंथपाल, माझा इचलकरंजीत छपाईचा धंदा आहे. वडिलांच्या वेळी शिशाचे खिळे जुळवायचे, माझ्या वेळी ऑफसेट आली. डेबियन मी २००५ सालच्या ३.१ पासून वापरतो, तेव्हा मासिकाबरोबर सीडी यायच्या. प्रोग्रामिंग मलाही येत नाही. त्यामुळं तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो, पण ते नंतर. आधी पोट भरू.

डेबियन १३ घ्या, ‘ट्रिक्सी’ नावाचं, ९ ऑगस्ट २०२५ ला आलंय. वाय-फायची फर्मवेअर, म्हणजे त्या उपकरणाला लागणारे छोटे प्रोग्राम, पूर्वी वेगळी शोधायला लागायची. १२ पासून ती इन्स्टॉलरमध्येच येतात, म्हणून तुमच्या भाच्याचं काम झटक्यात झालं. डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूचा साज, निवडताना एक्सएफसीई घ्या, तो हलका. ४ जीबीमध्ये ग्नोम हा जड डेस्कटॉपही चालतो, पण ब्राउझरच्या दहा खिडक्या उघडणारी पोरं बसली की रडतो. आणि पैसे थोडे असतील तर रॅमच्या आधी हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाका. जुन्या मशीनला तेवढं एकच औषध.

रेमिंग्टनची काळजी सोडा. आयबस हा कळफलक बदलून देणारा प्रोग्राम आणि त्याचं ‘एम१७एन’ हे पॅकेज (डेबियनमध्ये प्रोग्राम अशा गठ्ठ्यांत येतात) टाकलं की मराठीचे कितीतरी कळफलक मिळतात: इनस्क्रिप्ट, फोनेटिक, इट्रान्स, गमभन, आणि रेमिंग्टनसुद्धा. ताईंना बसवा आणि त्यांनाच तपासू द्या. रेमिंग्टनवाला माणूस पहिली वेलांटी आधी मारतो आणि अक्षर नंतर, कागदावर दिसतं त्या क्रमानं. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये, अक्षर आधी साठवलं जातं आणि वेलांटी नंतर. म्हणजे कळफलकाच्या प्रोग्रामला वेलांटी हातात धरून थांबायला लागतं, पुढचं अक्षर पुरं झालं की मग जागेवर ठेवायची. साध्या अक्षराला हे सोपं. ‘स्थिती’, ‘शक्तिमान’, ‘अस्मिता’, ‘व्यक्तिमत्त्व’ असले शब्द टाईप करून बघा, मध्येच बॅकस्पेस मारून बघा. अशा ठिकाणी काही गडबड असेल तर ती सापडणार फक्त दहा-दहा पानं रोज टाईप करणाऱ्या बाईंना. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ती आयुष्यात दिसणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, अध्यक्षांसाठी लागणार आहे.

प्रिंटर. १०२० ची एक खोड आहे, तो स्वतःचं फर्मवेअर साठवून ठेवत नाही. बटण चालू केलं की दर वेळी कॉम्प्युटरनं ते पाठवायचं. त्यामुळं लोकांचं काय होतं, पहिल्या दिवशी छापतं, दुसऱ्या दिवशी सकाळी गप्प. ‘एचपीलिप’ हा एचपी प्रिंटरांचा प्रोग्राम टाका आणि त्याचं प्लगइन नेटवरून एकदा उतरवून घ्या. ते प्लगइन मुक्त नाही, म्हणजे त्याचा कोड खुला नाही, हे सांगून ठेवतो, तत्त्वाला घट्ट असणारे नाकं मुरडतात. मला सकाळी अकराला पत्रिका द्यायची असते, मी टाकतो.

श्री-लिपीची यादी मात्र विंडोज पुसायच्या आधी बदलून घ्या. त्या फाईलमध्ये मराठी नाहीच मुळात, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीची चित्रं बसवलीयत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की कचरा दिसतो. घाबरू नका, माहिती शाबूत असते. जुन्या-नव्या आवृत्त्यांचं कोडिंगही सारखं नसतं, म्हणून नेटवरचा कुठलाही कन्व्हर्टर उचलून अकरा हजार ओळी त्यात ढकलू नका. शंभर ओळी काढा, ज्यात ‘ॲ’, ‘ऑ’, जोडाक्षरं, लेखकांची अवघड आडनावं आहेत अशा. त्या बदला, छापा, लाल पेन घेऊन बसा. जमलं तर पुढं जा. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा आणि तिला कधीही हात लावू नका.

आणि एक मशीन विंडोजवरच राहू द्या, ऑफिसातलं. इंटरनेटला लावू नका, जुन्या फाईली उघडण्यापुरतं. माझ्याकडं पण आहे तसं एक, कोरल या चित्रं-मांडणीच्या प्रोग्राममधल्या जुन्या पत्रिकांसाठी. त्याच्या जागी इंकस्केप चांगलं आहे, पण ऑफसेटला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग, लागतात आणि तिथं ते अडतं. स्क्रायबस या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये पूर्वी मराठीचा लगदा व्हायचा, २०२४ च्या जानेवारीत १.६ आलं तेव्हापासून जोडाक्षरं नीट बसतात. स्मरणिका आता मी त्यातच लावतो.

आता अध्यक्ष.

पैसे द्यायच्या भानगडीत पडू नका. देणगी घेतात डेबियनवाले, पण ट्रस्टचा पैसा परदेशी पाठवायचा म्हणजे तुमचा ऑडिटर तुम्हाला आधी खाईल. त्यांना दुसरी गोष्ट हवी असते.

कऱ्हाडच्या एका गिऱ्हाईकाची पत्रिका होती. नवा फॉन्ट आवडला म्हणून लावला, बाकी सगळं सुरेख, आणि ‘कऱ्हाड’ मात्र फुटलेलं. र खाली टिंब, त्याला पाय मोडलेला, आणि शेजारी ह उभा. चंद्रकोरीसारखा जो अर्धा र असतो तो आलाच नाही. आता चूक कुणाची? टायपिंगची, प्रोग्रामची की फॉन्टची? मी तोच मजकूर दुसऱ्या फॉन्टात टाकला, नीट दिसला. म्हणजे टायपिंग बरोबर. मग तोच फॉन्ट फायरफॉक्समध्ये लावून बघितला, तिथंही फुटलेला. पत्रिका लिहिली ते लिब्रेऑफिस (मोफत ऑफिस) काय, फायरफॉक्स काय, अक्षरं जोडायला दोघंही हार्फबझ नावाचं एकच यंत्र वापरतात, आणि ते दुसऱ्या फॉन्टला बरोबर जोडत होतं. म्हणजे उरला फॉन्ट.

तेवढंच फॉन्टवाल्यांना लिहून पाठवलं. कुठला फॉन्ट, कुठली आवृत्ती, कुठला शब्द, काय दिसतं, काय दिसायला पाहिजे, दोन चित्रं. इंग्रजी माझं जेमतेम, पण त्यात साहित्य नव्हतंच काही. काही आठवड्यांनी त्या लोकांनी विचारलं, या अक्षराचा नेमका आकार कसा असतो, नमुना आहे का? माझ्या माळ्यावर वडिलांच्या केसमध्ये अजून शिशाचे खिळे आहेत. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ चे खिळे काढले, शाई लावून कागदावर उठवले, स्कॅन करून धाडले. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आली. माझ्या डेबियनमध्ये ती लगेच आली नाही हेही सांगतो, कारण स्थिर आवृत्तीत ते सुरक्षेचं आणि गंभीर सोडून काही बदलत नाहीत. पुढच्या स्थिर आवृत्तीबरोबर आली.

तर अध्यक्षांना सांगा, अकरा हजार मराठी पुस्तकांची नावं, रेमिंग्टनवर टाईप करणारी बाई आणि रोज बसणारी वीस पोरं एवढं भांडवल त्यांच्यापैकी कुणाकडंच नाही. काय बिघडतं ते नीट लिहून कळवायचं, हे देणं.

पॅकेजवाली

काकांनी ९० टक्के काम करून ठेवलंय, मी फक्त ‘नीट लिहून कळवायचं’ म्हणजे कुठं आणि कसं एवढं सांगते. मी पुण्यात नोकरी करते, फावल्या वेळात डेबियनची दोन-तीन छोटी पॅकेजं सांभाळायला मदत करते. २०२३ मध्ये डेबकॉन्फ, डेबियनवाल्यांची परिषद, कोचीला झाली तेव्हा गेले होते. तिथं जेवताना समोर बसलेला माणूस कुठल्या देशातून कुठलं पॅकेज सांभाळतो हे कळलं की आपल्याला वाटतं ती ‘कंपनी’ कुठंच नाहीये, सगळे असे आपल्यासारखेच. १९९३ ला सुरू झाल्यापासून तसंच आहे.

ग्रंथपाल सर, तुमचं पहिलं योगदान इन्स्टॉल करतानाच होऊ शकतं. मधे एक प्रश्न येतो: कुठली पॅकेजं वापरली जातात याची आकडेवारी नाव न कळवता पाठवायची का? आधीच ‘नाही’ निवडलेलं असतं. ‘हो’ करा. कुठलं पॅकेज किती लोक वापरतात याचा अंदाज त्यावरून येतो आणि मराठी कळफलक वापरणाऱ्यांची बाजू वजनदार होते.

दुसरं, ‘इन्स्टॉलेशन रिपोर्ट’. बिघाड झाला तरच कळवायचं असं नसतं. अमुक मदरबोर्ड, अमुक वाय-फाय कार्ड, सगळं सुरळीत झालं, हेही कळवतात आणि तेही उपयोगी असतं. ‘रिपोर्टबग’ हा प्रोग्राम चालवून ‘इन्स्टॉलेशन-रिपोर्ट्स’ हे नाव द्यायचं. बाकीच्या बिघाडांनाही हाच प्रोग्राम. तो स्वतःच पॅकेजची आवृत्ती वगैरे गोळा करतो, आधीच्या नोंदी दाखवतो, आणि शेवटी ईमेल जाते. थोड्या वेळानं नोंदीचा नंबर येतो. हे नंबर २०२१ मध्येच दहा लाखांच्या पुढं गेलेत, त्यामुळं सात आकडी बघून दचकू नका.

एक सावधगिरी: ही नोंद जगाला कायमची दिसते, ईमेल पत्त्यासकट. घरचा पत्ता वापरू नका, वाचनालयाचा एक वेगळा काढा. स्क्रीनशॉटमध्ये सभासदांची नावं, फोन नंबर दिसत नाहीत ना ते बघा.

काकांच्या गोष्टीत एक बारकावा राहिला. फॉन्ट बनवणारे वेगळे, त्याचं डेबियन पॅकेज करणारे वेगळे. चूक मूळ फॉन्टची असेल तर मूळ प्रकल्पाकडं कळवायचं. डेबियनमध्ये नोंद केलीच असेल तर तिला ‘पुढं पाठवली’ म्हणून मूळ नोंदीचा दुवा जोडता येतो. दोन्हीकडं वेगवेगळं लिहिलं की दोन माणसं एकच काम करत बसतात.

आणि तुमच्या अध्यक्षांना आवडेल असं एक: ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर माहीत असेलच. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी यंत्रणा २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती, ‘वायटूके’ म्हणायचो ना आपण, ते. नवीन विकत घेण्याऐवजी त्यांनी एका छोट्या कंपनीकडून लिहून घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. म्हणजे एका वाचनालयानंच जगभरच्या वाचनालयांना दिलेलं आहे ते. डेबियनवर त्याची तयार पॅकेजं आहेत. पण ते लगेच सुरू करू नका, आधी यादी युनिकोडमध्ये येऊ दे.

वाचनालयवाला

काका, ताई, खूप आभार. कोहाची गोष्ट अध्यक्षांना वाचून दाखवली, त्यांनी दोनदा वाचायला लावली. ठराव मांडतायत.

अभ्यासिकेतल्या दोन मशीनवर टाकून झालं. एक्सएफसीईच घेतलं. पोरांनी एक तास कुरकुर केली, मग ब्राउझर सापडला आणि गप्प झाली, बहाद्दरसाहेब. प्रिंटर दुसऱ्या दिवशी सकाळी गप्प बसला, काकांनी सांगितलं तसंच, प्लगइन टाकल्यावर बोलायला लागला.

सहायक ताई रेमिंग्टनवर बसल्या. तोंडानं कौतुक केलं नाही, पण दुपारी मीटिंगची नोटीस त्यावरच टाईप करून दिली. ‘व्यक्तिमत्त्व’ नीट आलं.

एक शंका. भाच्यानं सगळ्या फाईलींची यादी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, काढली, तर मराठी नावं तुटक दिसतात. मात्रा आणि वेलांट्या अक्षरापासून सुटून भलतीकडं. त्याच फाईली फोल्डरच्या खिडकीत एकदम व्यवस्थित. नावं बिघडलीयत का? आणि ही नोंद करू का मी? हात शिवशिवतायत.

खिळेजुळारी

नावं शाबूत आहेत. टर्मिनल म्हणजे चौकटींची वही, एका घरात एक अक्षर. इंग्रजीला बरं पडतं. आपलं ‘स्थि’ किती घरांत बसवायचं हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून बहुतेक टर्मिनल देवनागरीची अशीच वाट लावतात. तपासायचं असेल तर त्या यादीतलं एक नाव कॉपी करून लिब्रेऑफिसमध्ये चिकटवा, अखंड दिसेल. फाईलींचं काम फोल्डरच्या खिडकीतूनच करा आणि भाच्याला सांगा, मराठी यादी हवी तर ती फाईलमध्ये काढून लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये उघड.

नवी नोंद करू नका. ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावर लोक खपतायत. पॅकेजवाल्या ताई म्हणाल्या तसं रिपोर्टबग आधीच्या नोंदी दाखवतो, त्या वाचायची सवय लावा. जुन्या नोंदीत ‘मलाही होतं’ एवढंच लिहून येऊ नका, त्याचा राग येतो लोकांना. वेगळ्या मशीनवर, वेगळ्या आवृत्तीवर, वेगळ्या शब्दाला होत असेल तर तेवढं नवीन लिहा.

हात शिवशिवत असतील तर यादीकडं वळा. श्री-लिपीच्या शंभर ओळी बदलल्या का? त्यात लाल पेनानं काय काय निघालं ते इथं टाका. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ वर खास नजर ठेवा. कऱ्हाड, कुऱ्हाड, न्याऱ्या, गोऱ्हे, असे शब्द आणि आडनावं तुमच्या यादीत असणारच.

वाचनालयवाला

ओळी काढल्यात, शनिवारी अर्धा दिवस असतो तेव्हा बसतो. ऱ्य वाले पाच-सहा तर पहिल्याच पानावर आहेत.

इन्स्टॉलेशन रिपोर्टचा मसुदा लिहिलाय, इंग्रजीत. मशीनचं नाव, रॅम, वाय-फाय कार्ड, कुठला डेस्कटॉप, काय काय चाललं. प्रिंटरचं त्यात लिहायचं की वेगळं? आणि अध्यक्षांना हवंय की खाली वाचनालयाचं नाव असावं. चालतं का?

पॅकेजवाली

नाव चालतं की, सही म्हणून टाका. प्रिंटरचं त्यात नको, तो रिपोर्ट फक्त इन्स्टॉलरचा. डिस्कचे भाग करताना, नेटवर्क ओळखताना, बूट लोडर (मशीन चालू होताना डेबियन उठवणारा प्रोग्राम) बसवताना काही अडलं का, एवढंच. आणि दोन्ही मशीन सारखीच असतील तर एकच पाठवा, वेगळी असतील तर दोन.

नंबर आला की इथं द्या. माझ्याकडं त्याच पिढीचं एक मशीन पडून आहे, त्यावर मीही टाकून बघते आणि काही वेगळं निघालं तर तुमच्याच नोंदीत जोडते.